बघ्या

सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या शर्टाच्या बाहीचं बटण तुटलं, जमिनीवर पडलं आणि घरंगळत न्हाणीघराच्या दारापाशी गेलं. एवढंच झालं असतं तर दिवसभर हे ओझं डोक्यावर घेऊन मी फिरलो नसतो. बटण उचलायला वाकलो. आत पाणी वाजत होतं. आज सुनेची सुट्टी, म्हणून ती उशिरा आंघोळीला गेली होती, आणि हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण पाचच मिनिटांपूर्वी ती बायकोला सांगून गेली होती, "आई, मी आंघोळीला जातेय, दुधाकडे तेवढं लक्ष ठेवा." बटण सापडलं. माझ्या चिमटीत होतं ते. तरी मी उठलो नाही. आमच्या न्हाणीघराचं दार जुनं आहे. पूर्वी ती अडगळीची खोली होती, दारातच बसवलेलं लोखंडी कुलूप होतं, त्याची किल्ली कधीच हरवली आणि किल्लीचं भोक तेवढं राहिलं. ते भोक माझ्या तोंडासमोर होतं. मी किती वेळ तसाच थांबलो? मी एक्स-रे काढतो, माझा धंदाच सेकंदांचा, म्हणून सांगतो, चार सेकंद. फार तर पाच. मग मी डोळा लावला आणि मला पांढरं दिसलं. नुसतं पांढरं. कोणीतरी भोकात आत, चांगला खोल, कापसाचा बोळा दाबून बसवला होता.

उठलो तेव्हा गुडघे असे वाजले की मला वाटलं आता पाणी बंद होणार. झालं नाही. मी बटण खिशात टाकलं, खोलीत येऊन पलंगावर बसलो आणि मनात पहिलं आलं ते हे की सुनेला कळलंय. दुसरं आलं ते त्याहून लाजिरवाणं होतं. मला चक्क राग आला. अरे, पण मी तर दोन वर्षं बघितलंच नाही! मुलाचं लग्न झालं त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की या दाराकडे मान वळवायची नाही. घरातल्या बोळातून जाताना दार डाव्या हाताला येतं, म्हणून मी दोन वर्षं उजवीकडच्या भिंतीकडे बघत चालतोय. त्या भिंतीवर ओलीचा एक डाग आहे, त्याच्या कडा मी डोळे मिटून काढून दाखवीन. सुनेला वाटतं बाबांच्या मानेला काही दुखणं आहे. तिनं मला शेकायची पिशवीसुद्धा आणून दिली. मी सिगारेट सोडली तेव्हा इस्पितळात आमच्या सगळ्या विभागानं माझी पाठ थोपटली होती, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी भाषण केलं होतं. पण हे कोणाला सांगणार? माझं अभिनंदन करा, मी सुनेच्या दाराला डोळा लावत नाही, असं? जी गोष्ट सोडली हे सांगता येत नाही, ती सोडण्यात माणसाच्या हाताला काही लागत नाही. तरी मी सोडली होती. आणि आज, सातशे-साडेसातशे दिवसांनंतर, एका बटणासाठी.

बटणासाठी नव्हे. बटण सापडलं होतं.

बूट घालताना मुलाच्या खोलीतून त्याचा आवाज ऐकू आला. सून आंघोळ करून आली असावी, कारण तो तिच्याशीच बोलत होता. "आज संध्याकाळी बोलूनच टाकू बाबांशी. किती दिवस लांबवायचं?" ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. बुटाची नाडी माझ्या हातात तशीच राहिली. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, निघालात का? डबा राहिला." मी डबा घेतला. तिच्याकडे न बघता घेतला. ती म्हणाली, "मान दुखतेय वाटतं आज फार." मी म्हटलं, "हो." बस, एवढ्यावर घराबाहेर पडलो.

लहानपणी आमच्या गल्लीत मला बघ्या म्हणायचे. कुठं भिंत पाडत असोत, दोन शेजाऱ्यांची जुंपलेली असो, रस्त्यात गाडी उलटलेली असो, मी तिथं उभा. हात लावायचा नाही, मदत करायची नाही, पळायचं नाही, नुसतं बघायचं. आई हाका मारून थकायची. कोणी तरी सांगायचं, "बघ्या तिकडं कोपऱ्यावर आहे, जेवायला पाठवतो." प्रेमानंच म्हणायचे सगळे. तेव्हा माझी वाईट सवय म्हणजे नखं खाणं, तिची सगळ्या घराला काळजी. आई माझ्या बोटांना कडू औषध लावायची. आठवड्याभरात मला तो कडूपणा आवडायला लागला. औषध संपलं तर मी मागून घ्यायचो. आई हसली होती आणि वडिलांना म्हणाली होती, "हा पोरगा कशानं सुधारायचा आता!" पुढं कितीदा तरी मला हे वाक्य आठवलं. आपण ज्याची शिक्षा करून घेतो त्याचीच चटक लागते, हे मला नवव्या वर्षी कळायला हरकत नव्हती.

एक्स-रेचं शिक्षण घ्यायला मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली होती. खिडकीला लाकडी पट्ट्यांची झडप. समोरच्या गॅलरीत एक टंकलेखिका राहायची, तिशीच्या पुढची असेल, एकटी. दुपारी सव्वा वाजता ती कामावरून जेवायला घरी यायची, न्हायलेली असली की गॅलरीत केस मोकळे सोडून बसायची, पदर बाजूला टाकून मानेला वारा घ्यायची. बस, इतकंच. जगातल्या कोणत्याही गॅलरीत दिसेल असं. पण मी झडपेच्या दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट करून सव्वाला उभा राहायचो. तासाला जायचो नाही. जेवायचो नाही. घशाला कोरड पडायची, पायाला मुंग्या यायच्या, पण हलायचो नाही. रोज ठरवायचो, आज शेवटचं. मग एक वाजला की खाली घड्याळजीच्या दुकानातली सगळी घड्याळं एका पाठोपाठ एक वाजायची आणि मी उठायचो. तीन महिने हे चाललं. एके दिवशी तिनं केस एका बाजूला घेतले, मान वर केली, सरळ माझ्या फटीकडे बघितलं आणि अगदी शांतपणे, दुकानदाराला भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "दिसतंय ना नीट? का अजून पुढं येऊ?"

चार दिवसांत मी ती खोली सोडली. पण बाईनं मला सोडलं नाही. तिचा चेहरा आता आठवत नाही, केस आठवत नाहीत, नुसता आवाज राहिलाय. पुढं आयुष्यात जिथं जिथं मी चोरून बघितलं तिथं तो आला. लग्नाआधी स्टेशनजवळच्या दुकानातून गुंडाळून आणलेली मासिकं पलंगाखाली ठेवायचो, ती उघडली की यायचा. दिसतंय ना नीट? मासिकं फाडून टाकायचो, जाळायचो, पुढच्या महिन्यात पुन्हा आणायचो. मुलगा झाला त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात मी त्याची शपथ घेतली होती की आता हे संपलं. एकेचाळीस दिवस टिकलो. वडील गेले तेव्हा घेतलेली शपथ तर आठवडाभरच टिकली, आणि मला आठवतं, मोडल्यावर रडायला आलं ते वडिलांसाठी की माझ्यासाठी हे मला ठरवता आलं नाही. मग मोबाईल आला. मुलानंच हौसेनं घेऊन दिला, "बाबा, यात सगळं दिसतं." बाळा, मला माहीत आहे यात काय काय दिसतं. माणूस म्हातारा झाला की हे आपोआप विझतं असं मी ऐकत आलो होतो. विझत नाही. शरीर थकतं, डोळा थकत नाही. माझा चष्मा चारदा बदलला, पण डोळा तोच.

बायकोला यातलं काही कळलं नाही, असं मी तेहेतीस वर्षं धरून चाललो. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर एक नवं जोडपं राहायला आलं होतं. मी पडद्याआड उभा असताना बायको एकदा खोलीत आली, कपाटातून काही तरी घेतलं आणि गेली. दोन दिवसांनी मी कामावरून आलो तर कपाट खिडकीसमोर उभं. ते लाकडी धूड तिनं एकटीनं कसं ढकललं कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाली, "उन्हानं पलंगपोस विटतोय." पुढची एकवीस वर्षं, घर बदलेपर्यंत, आमची खोली अंधारी राहिली. येणारे जाणारे हसायचे, खिडकीपुढं कपाट! ती प्रत्येकाला पलंगपोसाचं सांगायची. मीही सांगायचो. सांगून सांगून माझा विश्वासही बसला. आणि या घरात आल्यावर तिची धाकटी बहीण, चांगली नोकरी करणारी बाई, चार दिवस राहायला आली होती, तेव्हा मी याच दारापाशी एकदा वाकलो होतो. स्वयंपाकघरात काही तरी पडल्याचा मोठा आवाज झाला म्हणून उठलो. बायकोच्या हातून सांडशी पडली होती. तिच्या हातून सहसा काही पडत नाही.

कामाच्या जागी मात्र मी कधी घसरलो नाही, हे मला सांगायलाच हवं. चौतीस वर्षं मी माणसांचे एक्स-रे काढतोय. माझ्यासमोर रोज तीस-चाळीस माणसं कपडे सैल करून उभी राहतात, बायका, पुरुष, म्हातारे. मी त्यांना टेबलावर नीट झोपवतो, खांदा वळवतो, हनुवटी वर करतो आणि शिशाच्या काचेमागं जाऊन उभा राहतो. तिथून बघणं हे माझं कामच आहे, त्याचा पगार मिळतो. आणि तिथं माझ्या मनात काहीही येत नाही. तरुण बाई असो, फिल्मवर बरगड्या सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. केसाएवढी भेग असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई नव्या मुलांना सांगतात, "यांच्यासारखी नजर हवी." मी खाली बघतो. त्यांना वाटतं मी लाजाळू आहे.

आज पहिल्याच तासाला एक बाई आली, पन्नाशीची, जिन्यावरून पडलेली, बरगडीत दुखत होतं. तिला मी प्लेटला छाती टेकवून उभं केलं, काचेमागं गेलो आणि नेहमीचं बोललो, "श्वास घ्या. धरून ठेवा." बटण दाबलं. आणि शर्टाच्या खिशातलं ते दुसरं बटण मला छातीवर टोचलं. म्हणजे टोचलं नसेल, एवढंसं प्लास्टिकचं बटण, पण मला जाणवलं. संध्याकाळी बोलूनच टाकू बाबांशी. काय बोलेल मुलगा? कसं सुरू करेल? त्याला शब्द सापडणार नाहीत, तो लहानपणापासून असाच, काही अवघड बोलायचं झालं की नाक खाजवतो. नाक खाजवत मला तो म्हणेल, बाबा, आम्ही वेगळे राहतो. कारण सांगणार नाही. आणि ते कारण न सांगता तो माझ्याकडे बघेल, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी माझ्याकडे भोकातून बघावं तसं बघेल. मला ते सहन होणार नाही. मी मरून गेलो तर बरं. नाही, मेल्यावर तर ते मोकळेपणी बोलतील. दिसतंय ना नीट? का अजून पुढं येऊ?

"काका," काचेपलीकडून दबलेला, रडकुंडीला आलेला आवाज आला, "सोडू का हो आता?"

मी 'सोडा' म्हणायला विसरलो होतो. ती बाई मोडक्या बरगडीनं, लाल चेहऱ्यानं श्वास धरून उभी होती. चौतीस वर्षांत मी हा शब्द विसरलो नव्हतो. "सोडा, सोडा, माफ करा," म्हणत मी बाहेर धावलो, तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ती खोकली, बरगडी धरून कळवळली आणि मग माझा चेहरा बघून तिलाच माझी दया आली. म्हणाली, "तुमची तब्येत बरी आहे ना काका?" मला तिच्या पायाशी बसून सगळं सांगावंसं वाटलं. मी म्हणालो, "मान दुखतेय जरा."

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. मुलगा आणि सून समोरच्या खोलीत बसले होते, टीव्ही बंद. टीव्ही बंद म्हणजे प्रसंग गंभीर. बायको चहा ठेवून आत गेली. मी खुर्चीच्या कडेवर बसलो. मुलानं नाक खाजवलं. मी मनाची तयारी केली. पण बोलली ती सून.

"बाबा, मला कामावर वरच्या जागेवर घेत होते, माहितीये ना? आमच्या दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत. घर देणार होते, गाडी देणार होते."

"हो," मी म्हणालो. मला हे माहीत नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी भिंतीकडे बघत असेन.

"मी नाही म्हणून कळवलं. तुम्हाला पटणार नाही म्हणून हा सांगायला घाबरत होता. तुम्ही म्हणाल, चांगली संधी घालवली. पण मला नाही जायचं बाबा. लग्नाआधी मी पाच वर्षं भाड्याच्या खोल्यांतून राहिलेय. दोन कड्या लावायच्या, वर खुर्ची लावायची, तेव्हा झोप यायची. इथं आल्यापासून मी कडी लावली का हेसुद्धा बघत नाही." ती हसली. "आई आहेत, तुम्ही आहात. मला इथं कसली काळजीच वाटत नाही."

मुलगा म्हणाला, "रागावलात का बाबा?"

मी नाही म्हणालो. काय बोललो ते धड आठवत नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवला असावा, कारण ती वाकली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दोघं एकमेकांकडे बघून हसले, बाबांना किती बरं वाटलं बघ. तिला काहीच कळलेलं नाही! मला नाचावंसं वाटत होतं. पण चहाचा कप मी तसाच परत ठेवला. या मुलीच्या दाराला मी आज सकाळी डोळा लावला. ती कडीसुद्धा बघत नाही. मी उठलो आणि आत गेलो. बोळातून जाताना उजव्या भिंतीकडे बघितलं, ओलीचा डाग जागच्या जागी होता, आणि मी मनात म्हटलं, आता पुन्हा पहिल्यापासून. आज पहिला दिवस.

बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मला इतकं हलकं वाटत होतं की बोलल्यावाचून राहवेना. मघापासून एक कोडं उरलं होतं. सुनेला काही माहीत नाही तर तो बोळा आला कुठून? मुलानं घातला असेल, वारा येतो म्हणून? प्लंबरनं? दिवसभर ज्यानं माझा जीव खाल्ला ती गोष्ट अशी फालतूच निघणार, हे मला बायकोच्या तोंडून ऐकायचं होतं. मी अगदी सहज, खिडकीबाहेर बघत म्हणालो, "अगं, न्हाणीघराच्या दाराच्या भोकात कापूस कोणी घातलाय?"

तिचे हात थांबले. तिनं मान वर केली नाही.

"मी," ती म्हणाली.

"तू? कधी?"

"ती या घरात यायच्या आदल्या दिवशी."

समोरच्या खोलीत टीव्ही सुरू झाला. मला अजूनही समजलं नव्हतं. मी खुळ्यासारखा म्हणालो, "मला कसा कधी दिसला नाही मग?"

"उभ्यानं दिसतच नाही तो," ती म्हणाली. "मी चांगला आत घातलाय. सगळीकडून बघून घेतलं होतं."

मग समजलं. मी खिडकीची चौकट धरली. बाहेर कोणाच्या तरी गॅलरीत कपडे वाळत होते, त्यांच्याकडे मी बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठं बघायचं ते कळेना. ती रागावली असती, रडली असती, तर मला ते झेपलं असतं. ती घड्या घालत राहिली. टॉवेल झाला, उशीचे अभ्रे झाले.

"पहिले चार महिने रोज वाटायचं, आज विचारतील," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत. वर्ष गेलं. मग तुम्ही त्या भिंतीकडे तोंड करून चालता तेही माझ्या लक्षात आलं. एकटी असले की हसायचे मी. मान दुखतेय म्हणे." तिनं अभ्रा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "फार बरं वाटायचं हो मला. कोणाला सांगता येत नव्हतं, पण फार बरं वाटायचं."

म्हणजे माझे ते सातशे दिवस कोणी तरी बघत होतं. मी एकटा नव्हतो. हे मला आज कळलं, आज, संपल्यावर. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि श्वास तसाच अडकून राहिला.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. बाही मनगटावर उघडी लोंबत होती. "बटण तुटलं का? कुठं पडलं?"

"दारापाशी," मी म्हणालो. ते तर खरंच होतं.

"सापडलं?"

मी खिशातून बटण काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "लगेच सापडलं," मी म्हणालो.

"मग तेव्हाच उठायचं होतं," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळली.